हिशोबाची अक्षरं

कळंबच्या तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत गेली दोन-तीन वर्षं एक वेगळंच गिऱ्हाईक दिसतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घड्यांवर चिरलेला पिवळा कागद आणि तोंडी एकच प्रश्न, "हे वाचणारं कुणी हाय का?" सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरं फडताळातून बाहेर आली, आणि पणजोबाचं नाव ज्या लिपीत लिहिलंय ती आपल्याला वाचताच येत नाही, हे कित्येक घरांना पहिल्यांदा कळलं. काही कागद उर्दूत होते, काही मोडीत. मोडीतल्या कागदाची भाषा तर घरातलीच, मराठीच. तरी पान उलटं धरलंय की सुलटं इथपासून सुरुवात. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या मागणीमागच्या राजकारणात मला इथं शिरायचं नाही. मला कुतूहल आहे ते त्या कागदावरच्या अक्षराचं. तीन पिढ्यांपूर्वी गावचा कुळकर्णी भराभर लिहीत होता ते अक्षर आपल्याला परकं कसं झालं?

लिपीचा इतिहास सांगताना आपण फार सोवळ्यात बोलतो. ज्ञान, धर्म, काव्य यांच्यासाठी माणसानं लिहायला सुरुवात केली, असा आपला समज असतो. पुरावा मात्र शेतसाऱ्याकडे बोट दाखवतो.

आजच्या दक्षिण इराकमधल्या उरुक या शहरात इसवी सनापूर्वी ३३००च्या आसपासच्या मातीच्या वड्या सापडल्या. ओल्या मातीवर बोरूच्या टोकानं खुणा केलेल्या. त्यांत स्तोत्रं नाहीत, राजाचे पराक्रम नाहीत. किती जव आला, किती मेंढ्या, कुणाला किती शिधा दिला, हे आहे. एका वडीवर ३७ महिन्यांत आलेल्या २९,०८६ मापं जवाची नोंद आहे आणि खाली 'कुशीम' असं नाव. ते माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माणसाचं असेल, तर जगात लिहून ठेवलेल्या अगदी पहिल्या नावांपैकी एक नाव राजाचं किंवा ऋषीचं नाही, कोठारावरच्या कारकुनाचं आहे. मला यात मोठा न्याय दिसतो.

त्याच्याही आधी हजारो वर्षं पश्चिम आशियात लोक मातीच्या छोट्या गोळ्या, शंकू, चकत्या वापरून मोजदाद करत. एक शंकू म्हणजे धान्याचं एक माप, असं काहीसं. डेनिस श्मांट-बेसेरात या विदुषीनं आयुष्यभर या गोळ्या तपासल्या आणि त्यांच्यातूनच पुढे लेखन उमललं असं मांडलं. तिचा सिद्धांत सगळ्यांना पूर्ण मान्य नाही, पण आमच्याकडे दुधाचा रतीब घालणारी बाई दाराच्या चौकटीवर चुन्याची रेघ ओढायची आणि महिनाअखेरीला रेघा मोजायची, ते आठवलं की तो पटायला लागतो. रेघ हे अक्षर नव्हे. पण रेघेच्या शेजारी 'म्हशीचं' आणि 'गाईचं' असा फरक दाखवायची वेळ आली की माणूस लेखनाच्या उंबऱ्यावर येतो.

उंबरा ओलांडला तो एका युक्तीनं. चित्र वस्तूचं काढायचं, पण वाचायचं त्याच्या आवाजासाठी. मराठीतलं उदाहरण घेऊ. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सारा. साऱ्याचं चित्र कसं काढणार? हात काढा, वाचणारा 'कर' म्हणेल आणि संदर्भानं सारा समजेल. उरुकच्या सुमेरी कारकुनानं हेच केलं, इजिप्तमध्येही हेच झालं, आणि चीनमध्ये इसवी सनापूर्वी १२००च्या सुमारास भविष्य पाहण्यासाठी हाडांवर कोरलेल्या लेखांतही हीच युक्ती आहे. चिन्हाची वस्तूशी असलेली गाठ सुटली आणि आवाजाशी बांधली गेली. पुढे सिनाईच्या वाळवंटात सेमिटिक भाषा बोलणाऱ्या लोकांनी इजिप्शियन चित्रं उचलून त्यातून फक्त पहिला आवाज घेतला. तिथून फिनिशियन, ग्रीक, रोमन, अरामी अशी वर्णमालांची शाखा फुटली. उर्दूची अक्षरंही याच झाडाची. म्हणजे निजामाच्या दप्तरातला 'अलिफ' आणि इंग्रजी 'ए' हे लांबचे चुलतभाऊ.

आणि आपल्या देवनागरीची पूर्वज ब्राह्मी लिपी, तिचं काय? ती अरामीवरून घेतली की इथंच घडली, हा वाद दीडशे वर्षं चालू आहे. काही अक्षरांची रूपं बाहेरून आली असावीत असं मला वाटतं. पण रूपं उसनी आणली तरी घडी आपली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी तोंडाच्या आतून बाहेर येत जाणारी रांग, आणि व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी लावून स्वर दाखवायची रीत. ग्रीकांनी स्वरांना स्वतंत्र अक्षर दिलं, अरबांनी बहुधा वगळलं, आपण ते व्यंजनाच्या अंगाखांद्यावर चढवले. शाळेत घोकलेली बाराखडी म्हणजे ध्वनिशास्त्राचं कोष्टक आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. छडी तेवढी सांगितली.

ब्राह्मी वाचायला लोक हजार वर्षांहून अधिक काळ विसरले होते. सध्या मोडीचं झालंय तेच, फक्त मोठ्या मापावर. १८३७ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं ती उलगडली. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या ध्यानात आलं आणि हा शब्द 'दानं' असावा असा त्यानं तर्क केला. अमक्याचं दान, तमकीचं दान. देणगीदारांची यादीच ती. देवळाच्या पायरीवर आज '५०१ रुपये' कोरलेलं असतं, तसं. लिपीचं कुलूप उघडलं ते पावतीपुस्तकानं.

महाराष्ट्रात अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्याला मिळाला. त्याच्यापुढचा मोठा ठेवा नाणेघाटातला. सातवाहनांच्या राणी नागनिकेशी जोडला जाणारा तो लेख यज्ञांचा आहे असं आपण वाचतो. आहेच, पण तो वाचताना नजर ठरते ती आकड्यांवर. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दक्षिणा दिली, त्याची जंत्री. भारतीय अंकांची फार जुनी रूपं तिथं दगडात कोरलेली आहेत, म्हणून गणिताच्या इतिहासकारांनाही नाणेघाट चढावा लागतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मागताना हा लेख पुढे केला गेला. दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. त्यातल्या दक्षिणेच्या आकड्यांबद्दल मात्र सत्काराच्या भाषणांत कुणी बोललं नाही.

आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे त्या काळचं तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं मोठं शहर असा त्याचा उल्लेख आहे. इथून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत लादून भडोचच्या बंदराकडे जाई. माल गेला तर मोजणी आली, मोजणी आली तर लिहिणारा आला. तेरच्या संग्रहालयात सातवाहनांची नाणी बघताना मी नेहमी त्या लिहिणाऱ्याचा विचार करतो. कळंबच्या आडत दुकानात सोयाबीनची पट्टी फाडणारा मुनीम त्याच्याच गोत्रातला.

ब्राह्मीपासून नागरीपर्यंतचा हजार वर्षांचा प्रवास थोडक्यात उरकतो, कारण त्यात घडलं ते मुख्यतः हातानं घडवलं. दगडावर छिन्नीनं सरळ रेघ सोपी जाते, पानावर लेखणीनं वळण. बोरूला तिरका काप दिला की एका दिशेला रेघ जाड पडते, दुसऱ्या दिशेला बारीक. अक्षराच्या डोक्यावरचा लेखणीचा टेका हळूहळू आडवा पसरला आणि शेजाऱ्याला भिडून शिरोरेषा झाली. शके ९३४चा म्हणजे इसवी सन १०१२चा अक्षीचा लेख आणि सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलचा १०१८चा लेख हे मराठीचे फार जुने शिलालेख, दोन्ही नागरीत. अक्षी समुद्राकाठी, कुडल सीना-भीमेच्या संगमावर. दोघांमध्ये अख्खा सह्याद्री, आणि लिपी एक.

मग मोडी कशाला आली? घाईसाठी. दगडावर लिहिणाऱ्याला घाई नसते, दप्तरात लिहिणाऱ्याला असते. परंपरा मोडीचं श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला देते. एका माणसानं लिपी घडवली यावर माझा विश्वास नाही. पण तेराव्या शतकातल्या एका करणाधिपाचं, म्हणजे दप्तराच्या प्रमुखाचं नाव तिला चिकटावं, हे अगदी रास्त आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि त्यांना अक्षरं टांगत जातो. हात उचलायचा नाही, काना खालून वर नेऊन पुढच्या अक्षरात सोडायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्दाशब्दांत जागा नाही. आजच्या शुद्धलेखनाच्या मास्तरांना मोडीचं एक पान दाखवलं तर ते आजारी पडतील. पण चिटणीसी, बिवलकरी अशी वळणं होती, चांगल्या मोडी अक्षराला मान होता, आणि त्या मानाला पगारही होता. पोथी मात्र बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. देवाला सावकाश लिहायचं आणि सरकारला घाईनं, अशी शतकानुशतकांची वाटणी होती. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पडलेली हजारो मोडी पत्रं आणि तिथल्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला देवनागरीतला लांबलचक मराठी लेख, ही त्याच वाटणीची दक्षिणेतली टोकं.

आता छापखान्याकडे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ मध्ये जेझुइटांनी सुरू केला. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. भाषा मराठी, ओवी मराठी, अक्षरं रोमन. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईचे सुटे ठसे, ओतणारं कुणी नव्हतं. सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्यानं इंग्रज कंपनीकडून मुद्रक मागवला, १६७४ मध्ये हेन्री हिल्स आलाही. पण त्याला छापता येत होतं, खिळे पाडता येत नव्हते. खरा जम बसला तो बंगालात, श्रीरामपूरला. विल्यम कॅरीनं पंचानन कर्मकार या लोहाराच्या घराण्यातल्या कारागिराकडून खिळे पाडून घेतले. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरीत निघालं. त्याच वर्षी मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापली गेली आणि तंजावरात सरफोजीराजांचा छापखाना सुरू झाला. एका वर्षात तीन दिशांना तीन वाटा.

आणि इथं माझ्या विषयाचा कळीचा मुद्दा आहे. १८१० मध्ये कॅरीनं मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला तो मोडी खिळ्यांत. मोडी जोडून लिहायची लिपी, म्हणून तिचे सुटे खिळे होणार नाहीत, म्हणून छपाईच्या युगात ती मेली, असं जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. खिळे झाले होते, पुस्तक छापलं गेलं होतं. मोडी मेली ती मुंबईच्या शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं, कोश, वृत्तपत्रं बहुतेक बाळबोधात निघाली म्हणून. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी बाळबोध. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाळबोधात. वाचायला बाळबोध आणि लिहायला मोडी असा दुहेरी संसार शंभरेक वर्षं चालला, आणि १९५०च्या सुमारास मुंबई सरकारनं मोडी कचेरी-शाळेतून काढली. तिला मारलं ते अभ्यासक्रमानं, खिळ्यांच्या शिशानं नव्हे.

बाळबोधाचं नशीब मात्र उघडलं, ते मुंबईत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं, पुढे स्वतः खिळे पाडले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायला लागलेला जावजी दादाजी पुढे त्या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस झाला; त्याचा निर्णयसागर छापखाना १८६९चा. निर्णयसागरची अक्षरं काशीपर्यंत गेली. त्या वेळी नागरीची दोन घराणी होती, मुंबईचं आणि कलकत्त्याचं. अ, झ, ण ही अक्षरं दोन्हीकडे वेगळी दिसत. आज हिंदीच्या पाठ्यपुस्तकात जे अ, झ, ण छापले जातात ते मुंबई वळणाचे आहेत. ल आणि श यांत मात्र मराठी आपली पाकळी आणि आपला देठ धरून राहिली, आणि शासनाच्या आदेशांनीही त्यांचाच आग्रह धरला. संगणकावर हिंदी वळणाचा ल आला की माझ्यासारख्या माणसाला भाकरीत खडा लागल्यासारखं होतं.

अक्षरजुळणीची मूलतत्त्वं समजून घ्यायला जुना कंपोझिटर हाच उत्तम गुरू. तसा एक आमच्या तरुणपणी ट्रेडल मशीनच्या छापखान्यात होता. उजव्या हातानं केसच्या घरातून खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलटा लावायचा, बोलणं चालूच. खिळा शिशाचा, त्यात कथील आणि अँटिमनी, म्हणजे कडकपणा येतो. इंग्रजीची केस दीड-दोनशे घरांत भागे. देवनागरीला काहीशे घरं लागत, कारण क, कि, कु, क्त, र्क अशी प्रत्येकाची सोय हवी. दोन पद्धती होत्या. अखंड खिळ्यात अक्षर आणि मात्रा एकत्र ओतलेली. खंड पद्धतीत मात्रा, रफार, उकार वेगळे, ते वरखाली बसवायचे. अखंडात रूप देखणं पण घरं फार. खंडात घरं कमी पण शिरोरेषा तुटते आणि रफार निसटतो. प्रत्येक मुद्रक या दोन दुःखांतलं आपापलं निवडत असे.

रोमन अक्षर तळाच्या रेषेवर उभं असतं, देवनागरी वरच्या रेषेला लोंबतं. म्हणून त्याला तीन मजले लागतात. वर मात्रा-रफार-अनुस्वार, मध्ये अंग, खाली उकार-ऋकार. पॉइंट हे माप इंचाचा बहात्तरावा भाग. पण १२ पॉइंटचं इंग्रजी आणि १२ पॉइंटचं मराठी शेजारी ठेवा, मराठी लहान दिसेल. कारण तेवढ्याच उंचीत तीन मजले कोंबलेले असतात. म्हणून मराठीला आकार थोडा मोठा आणि दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्यावं लागतं. नाहीतर वरच्या ओळीचा 'दृ' खालच्या ओळीच्या 'र्थी'च्या डोक्यात शिरतो. इंग्रजी तक्त्यात मराठी भरणाऱ्या डीटीपीवाल्यांपैकी दहात आठ जण हे अंतर बदलत नाहीत. दुसरी गोष्ट, जाड टाइप. देवनागरीत पोकळ्या लहान असतात, ठळक करत गेलं की श्र, क्ष, ज्ञ यांच्या पोटात शाई भरते. कळंबच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'हार्दिक शुभेच्छा'तला 'च्छा' म्हणजे काळा गोळा असतो तो याच कारणानं. पूर्वीचा पेंटर ब्रशनं लिहायचा तेव्हा तो पोट मोकळं ठेवायचा. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं, हाताला कळत होतं. एसटीच्या पाट्या त्याच हातच्या.

शब्दांमधली जागा आणि विरामचिन्हं ही तर पूर्णपणे छापखान्याची देणगी. इंग्रज अधिकारी मेजर कँडीची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५०ची. त्याआधीचं मराठी गद्य श्वास घ्यायला थांबतच नसे. स्वल्पविरामावरून शाळेत मार खाल्लेल्या सर्वांनी आपला राग कुणावर काढायचा ते आता लक्षात ठेवावं.

खिळ्यांची ही गर्दी कमी करण्यासाठी लिपीलाच कापायचं, असा विचार विसाव्या शतकात जोरात होता. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्यात लक्ष घातलं होतं. सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी मांडली, म्हणजे इ, ई, उ, ए यांच्या जागी अि, अी, अु, अे. 'किर्लोस्कर' मासिकानं ती वापरलीही. १९५३च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे लावावी असं ठरलं. उच्चारात आधी व्यंजन मग इ, मग लिहिताना वेलांटी आधी का, हा त्यामागचा तर्क. तो निर्णय काही वर्षांतच मागे घ्यावा लागला. लोकांच्या डोळ्यांनी नकार दिला. या सगळ्या सुधारणांबद्दल मला आदर आहे, पण त्या यंत्राच्या बाजूनं लिपीकडे पाहत होत्या. मराठी टाइपरायटरनं तर लिपीला पार वाकवलं. मात्रा देताना गाडा पुढे न सरकणाऱ्या कळा, अर्धी अक्षरं, जोडून तयार केलेले काने. शासकीय परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेल्या एका अख्ख्या पिढीच्या मनात 'ख' म्हणजे दोन कळा असं पक्कं बसलं.

उर्दूची गोष्ट उलटी घडली, आणि मराठवाड्यात ती सांगायलाच हवी. हैदराबाद संस्थानात १८८४च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू कामकाजाची भाषा झाली. उर्दूची नस्तालिक लिपी उतरत्या वळणाची. प्रत्येक शब्द वरून खाली घसरत येतो, त्यामुळे एका अक्षराचं रूप शेजाऱ्यावर अवलंबून. तिचे समाधानकारक खिळे कधी झालेच नाहीत. कातिब, म्हणजे लेखनिक, हातानं लिहायचा आणि त्यावरून छापायचं, हे उर्दू वर्तमानपत्रांत १९८०पर्यंत तरी चाललं. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांची नूरी नस्तालिक संगणकावर आली तेव्हा कुठे सुटका झाली. उर्दूवाल्यांनी लिपी कापली नाही, यंत्र येईपर्यंत दम धरला. आणि लिपी शाबूत राहिली. मोडीला खिळे मिळूनही ती गेली, नस्तालिक खिळ्यांवाचून जगली. शाळेत शिकवली जाते की नाही, एवढाच फरक.

संगणकानं लिपीसुधारकांचा प्रश्न शांतपणे सोडवला. 'कि' साठवताना आधी क, मग इ असा उच्चाराचा क्रम, आणि दाखवताना वेलांटी पुढे. कानाला एक, डोळ्याला एक. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१च्या इस्की प्रमाणात आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत हा विचार आला. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांचा. ते सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे, २००८ मध्ये गेले. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले, ल. श्री. वाकणकरांनी 'गणेशविद्या' लिहिली. कमल शेडगे नाटकांच्या नावांना चेहरे देत होते, अच्युत पालव मोडीचं वळण चित्राच्या चौकटीत आणत होते. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्त' फॉन्ट आज कुणालाही फुकट वापरता येतो.

तरी कळंबात घोळ कसा होतो ते सांगतो. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेत 'दुसऱ्या दिवशी' छापून आलं 'दुसर्या दिवशी'. मजकूर मी फोनवरून युनिकोडात पाठवला, तिकडे जुन्या फॉन्टात बदलला गेला, आणि ऱ्याची चंद्रकोर वाटेत गळली. हा अर्धा र मराठीला हवाच. तो नसेल तर 'आचाऱ्यांना' शिधा द्यायचा तो 'आचार्यांना' जाईल. जुने फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली. फॉन्ट काढून घेतला की मागे उरतो इंग्रजी अक्षरांचा कचरा. आपल्याकडची १९९० ते २०१०ची कितीतरी पुस्तकं, ठराव, दाखले अशा फाइलींत अडकलेत. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडात २००८ मध्ये आलं, तोवर 'ॲड.' लावणारे वकील दोन तुकडे जोडून काम भागवत होते. मोडीचा कागद वाचता न येणाऱ्या पिढीला हसू नये. आपण आपल्याच वीस वर्षांपूर्वीच्या फाइली वाचू शकत नाही.

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या. काही जुन्या पाट्यांवर नव्या रंगाखालून आधीची अक्षरं अजून दिसतात, उन्हात जास्त. जुन्या दप्तरांत मात्र नाव त्या-त्या काळचंच राहणार, त्या-त्या काळच्या लिपीत.

मोडीला युनिकोडात २०१४ मध्ये जागा मिळाली आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात ती लाखो कागदांवर पडून आहे, आणि आपल्या घरातल्या ट्रंकेतही असू शकते. तसा कागद सापडला तर एक करा. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याला लॅमिनेशन करू नका. ते प्लॅस्टिक गरम चिकटतं, पुन्हा सोडवता येत नाही, आणि आत कागद कुजतो. उजेडात सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घडी न घालता सुती कापडात ठेवा, मागची बाजू कोरी वाटली तरी तिचा फोटो सोडू नका. कुळकर्णी पुष्कळदा हिशोब तिथं मांडायचा.